मोंझाचं शेवटचं वळण

मोसमातली शेवटची शर्यत मोंझाच्या ट्रॅकवर होती. इटलीचा लिव्हिओ आणि हॉलंडचा विबे यांचे गुण सारखे; पुढे राहील तो जगज्जेता. शर्यतीच्या तोंडावरच विबेच्या मोटरसायकलची चेन तुटली. लिव्हिओनं स्वतःची जादा चेन त्याला नेऊन दिली. “डोकं फिरलंय का तुझं?” लिव्हिओची मेकॅनिक बहीण नेल्ला ओरडली. “आयता जिंकला असतास!” “जिंकलो असतो गं. पण खरा वेगवान कोण, ते कसं कळलं असतं?” शेवटच्या वळणापर्यंत लिव्हिओच पुढे होता. तिथे विबे आतल्या बाजूनं घुसून चाकभर अंतरानं जिंकला. नेल्लाला रडू फुटलं. लिव्हिओ मात्र हेल्मेट काढून विबेकडे धावला. “आधी सांग, त्या वळणावर ब्रेक कुठे लावलास?” विबेनं हेल्मेटची काच वर केली. “लावलाच नाही रे. भीतीनं विसरलो.” लिव्हिओ हसला. “मग पुढच्या मोसमात मीही विसरून बघतो.”