लाल टाचणी

आडनावांचा इतिहास लिहिणारे ते साहेब इतके गोड बोलले की चर्चच्या कारकुनाला चेवच चढला. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या जुन्या नोंदी उपसून त्याने साहेबांना हव्या असलेल्या दुर्मिळ आडनावाचं एकेक घर हुडकलं. नाव बदलून राहिलेलीसुद्धा सोडली नाहीत. सापडेल त्या घराला नकाशावर एक टाचणी.

आज घरी येताना शिंप्याच्या दुकानाला कुलूप दिसलं. नर्सबाईंचं दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही, नळ तेवढा वाहतोय. दोन्ही घरांना टाचणी त्यानेच टोचली होती.

घरात शिरताच त्याने कडी लावली.

"कळलं का हो? शिंप्याला बायकापोरांसकट उचलून नेलं म्हणे," बायको कुजबुजली. "त्या आडनावापायी. नशीब, माझ्या आजीचं माहेर तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

नकाशावर लाल टाचणी एकच होती. ती टोचताना तो हसत म्हणाला होता, "साहेब, हे तर आमच्याच घरात निघालं! या की एकदा चहाला."

दारावर हलकेच टकटक झाली.

"आहात ना घरी? चहाला बोलावलं होतंत."