तीन वर्षांची अट

"पाणी कोपराने बघितलंस. मनगटाने का नाही?" परीक्षक सिस्टरनी विचारलं.

"मनगट गरम भांडी उचलून निबर झालंय," मुलगी म्हणाली. "ते काहीही सोसतं. कोपर अजून खरं सांगतं."

तिने टॉवेल पिळला आणि पलंगावरच्या आईकडे वाकली. "आई, आता मान पुसते हं. गार लागलं तर डोळे मिट."

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. वाचाही त्यातच गेली. बोलायला उरले होते ते डोळे.

सिस्टर परदेशातल्या एका नर्सिंग कॉलेजकडून आल्या होत्या. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी त्या कॉलेजने एक बाजूचं दार ठेवलं होतं. आधी नाव नोंदवायचं, मग अंथरुणाला खिळलेल्या एकाच माणसाचं घरी सलग तीन वर्षं करायचं. शेवटी परीक्षक येऊन बघणार. त्यात उतरलं की तिथे वर्षभर भाषा आणि गणित, मग पदवीचा वर्ग. रुग्ण मध्येच दगावला किंवा बरा झाला, तर झालेली वर्षं पाण्यात.

या घरची तीन वर्षं नुकतीच भरली होती. मुलीची शाळा त्याच्याही आधी, नववीत, आई पडली त्याच आठवड्यात सुटली होती.

"सिस्टर, आमच्या भाचीला बसमध्ये तिकीट मागायला आवाज फुटत नाही," दारातून मामा म्हणाला. "आणि ही म्हणे विमानात बसून नर्स व्हायला जाणार!"

"मामा, बाजूला हो. उजेड अडवतोयस."

मामा मुकाट्याने बाजूला झाला. "बघा! हुकूम आत्तापासूनच मेट्रनबाईंचा."

सिस्टरना हसू आलं. मुलीला आलं नाही. तिचं लक्ष चादरीकडे होतं.

माणूस वर असताना खालची चादर बदलणं सिस्टरनी आयुष्यभर पाहिलं होतं, केलं होतं, शिकवलं होतं. तरी त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. मुलीने आईला कुशीवर घेतलं ते ओढून नाही, ढकलूनही नाही. तिने आपला श्वास आईच्या श्वासाशी जुळवून घेतला आणि आईचा श्वास सुटतो तेवढ्यात वजन हललं. जुनी चादर पाठीशी गुंडाळली गेली, नवी तिच्यामागून उलगडत आली. आई परत पाठीवर आली तेव्हा चादरीला एक सुरकुती नव्हती, आणि आईच्या कपाळावरही नव्हती.

"हे कोणी शिकवलं?"

"हिनेच. दुखलं की ही बघते तशी. तसं बघणं थांबेपर्यंत मी बदलत गेले."

सिस्टरनी उठून पाठ तपासली. इतक्या वर्षांच्या अंथरुणानंतर कुठे लाल ठिपका नाही. टाचा मऊ. पोटरीवर अंगठा दाबला आणि त्या थबकल्या. लुळ्या पायाची पोटरी अशी भरलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"रोज व्यायाम देते," मुलगी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात फरक पडायचा नाही. पण पाय आपलाच ना, त्याला असं टाकून कसं द्यायचं?"

देवळातली मूर्ती जपून ठेवावी तसा सिस्टरनी तो पाय हलकेच खाली ठेवला.

मुलीने पातळ पेज भरवायला घेतली. आईने तोंड फिरवलं.

"नाटकं नकोत. पाहुण्यांसमोर तरी शहाण्यासारखं वाग," मुलगी तिच्या कानाशी म्हणाली. आईने घोट घेतला.

भांडं विसळून आल्यावर ती सिस्टरसमोर उभी राहिली. "एक सांगू? तुम्ही पास केलंत तरी मी जायची नाही."

"अगं!" मामा ओरडला.

"मग नाव कशाला नोंदवलंस?" सिस्टरनी विचारलं.

"आईचा हट्ट. कॉलेजची सगळी माहिती तिला वाचून दाखवली, तर मी हो म्हणेपर्यंत जेवेना. पण तीन वर्षांत उठेल, अशी मला आशा होती. नाही उठली. आता हिला कोणाच्या भरवशावर टाकू?"

"मी आहे ना," मामा म्हणाला.

"तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

मुलीने पदराने डोळे टिपले नाहीत, नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा निश्चय झाला होता हे सिस्टरना दिसत होतं. असे हात पुन्हा कधी बघायला मिळतील, असा विचार त्यांच्या मनात आला.

"बरं. एक शेवटचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "मला रुग्णाशी एकटीने बोलायचंय. घरातलं कोणी जवळ नको. तुम्ही दोघं खाली रस्त्यावर जाऊन थांबा."

"ती बोलत नाही, सिस्टर."

"डोळ्यांनी चालेल."

मुलीने आईच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं. "घाबरू नकोस. खालीच आहे मी." मग मामाला पुढे घालून ती निघाली.

जिन्यावरची पावलं दूर गेल्यावर सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला. "हो असेल तर एकदा डोळे मिटा, नाही असेल तर दोनदा. मुलगी तुमचं नीट करते?"

आईने डोळे मिटले नाहीत. ती कान देऊन ऐकत होती. खाली फाटक वाजलं. तिने हात हलकेच सोडवून घेतला, पांघरूण बाजूला केलं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि चालत जाऊन दाराला कडी लावली.

"सिस्टर," न वापरलेल्या, घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "तीन वर्षं भरली ना? मग आता मी बरी झाले तर चालेल?"