सिस्टरांची पावलं

बाळ रडलं, पण बाळंतिणीचं रक्त थांबेना. हेमलता सिस्टरांनी लगेच तिच्या पोटावर हात ठेवला. मागच्या वर्षी असंच झालं होतं. रक्त थांबवायचं इंजेक्शन व्हरांड्याच्या पलीकडच्या फ्रिजमध्ये, सलाईन कुलूपबंद स्टोअरमध्ये. त्या धावतपळत परतल्या, तोवर ती बाळंतीण दगावली होती.

त्यानंतर दवाखान्याचे डॉक्टर तांबोळी वही घेऊन आठवडाभर त्यांच्या मागे फिरले, त्यांची पावलं मोजत. "अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली माझी. आता चालायला शिकवणार का?" सिस्टर चिडल्या होत्या.

"तुम्ही कुठे कमी पडला नाहीत, सिस्टर. वस्तू चुकीच्या जागी आहेत," डॉक्टर म्हणाले. मग दोघांनी मिळून मांडणीच बदलली. छोटा फ्रिज प्रसूतीच्या खोलीत आला, बाकी सामान टेबलालगतच्या उघड्या ट्रेमध्ये.

आज सिस्टर बाळंतिणीजवळून हलल्याच नाहीत. एकीकडे तिचं पोट चोळत त्या एकेका वस्तूचं नाव घेत गेल्या आणि सोबतची नर्स जागेवरूनच ते ते हातात देत गेली. डॉक्टर पोचेपर्यंत रक्त आटोक्यात आलं होतं. पोरीनं डोळे उघडून विचारलं, "मुलगी झाली ना मला?"

सिस्टर बाहेर येऊन बाकावर बसून रडू लागल्या, तशी बाळंतिणीची आई धावत आली. "सिस्टर, रडताय कशाला? माझी लेक..."

"बरी आहे हो!" सिस्टरांनी तिचे हात घट्ट धरले. "दोघीही बऱ्या आहेत. म्हणून तर रडू येतंय मला."