दारातलं वळण

"हा हिरवा नको," असं म्हणून कृष्णाबाईंनी आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्या शेड कार्डावर टेकवल्या. "असा पाहिजे."

आर्या इंटिरियर डिझायनर होती. पुण्याहून बेंगळुरूला येऊन तिला वर्ष झालं होतं. नोकरी सोडून स्वतंत्रपणे घेतलेलं हे तिचं पहिलंच काम, आणि तेही केवढं, तर जे. पी. नगरातल्या एका घराचं पुढचं दार आणि त्यामागचा पॅसेज. हे फसलं तर गाशा गुंडाळून परत ये, असं वडिलांनी फोनवर बजावलं होतं. भडक रंग एकाच भिंतीला द्यावा आणि बाकी सगळं शांत ठेवावं, असं ती कॉलेजात शिकली होती. कृष्णाबाई त्या कॉलेजात गेल्या नव्हत्या. त्यांनी करंडा उघडून लाल कसा हवा ते दाखवलं आणि हळदीचं बोट कागदावर ओढून पिवळा.

"लग्नघर वाटेल हो," आर्या म्हणाली.

"वाटू दे की," त्या म्हणाल्या.

मग आर्याच्या डोक्यात प्रकाश पडला. यांचा मुलगा श्रीहर्ष अमेरिकेत होता आणि दसऱ्याला येणार होता. सगळे नातेवाईकही येतील, असं कृष्णाबाईंनी सांगितलं होतं. काम दसऱ्याच्या आत संपलं पाहिजे, नंतर त्याचा उपयोग नाही, हे तर त्या रोज एकदा तरी ऐकवत. शितावरून भाताची परीक्षा करायला आर्याला वेळ लागला नाही. अशा घाईचं कारण लग्नच असणार.

कोडं होतं ते वळणाचं. दार उघडल्यावर समोर पुरुषभर उंच भिंत घालायची, म्हणजे गेटातून थेट हॉल दिसणार नाही, आणि माणूस वळला की एकदम पिवळी भिंत सामोरी येईल, अशी आर्याची कल्पना होती. सगळ्या कामात तिचा जीव त्या वळणात अडकला होता. कृष्णाबाईंनी एक मोठं खाकी पाकीट रिकामं करून तिला नकाशा काढायला दिलं. तिने मन लावून काढला. त्यांनी पेन्सिल घेऊन नेमकं वळणच खोडलं.

"आमच्या चिकपेटच्या घरात असंच वळण होतं," त्या म्हणाल्या. "सगळं उभं करून काढायला लागायचं."

कपाटं कुठली एवढी न्यायची आहेत, असं आर्याने विचारलं. कृष्णाबाई नुसत्या हसल्या. चपलांचा स्टँडही नको, कोपऱ्यातली कुंडीही नको. हॉलपासून गेटापर्यंत वाट सरळ हवी, आणि स्वल्प, म्हणजे जराशी, रुंदच हवी. एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि त्या खुर्चीवर बसल्या.

घरात आर्याहूनही गोंधळलेला एक माणूस होता, तो म्हणजे त्यांचे यजमान. नरसिंहराव बँकेतून निवृत्त झाले होते. त्यांनी आर्याला गेटाशी गाठलं. हिला जन्मभर क्रीम रंग आवडला, भडक साडी कधी नेसली नाही, मग आताच काय झालं, असं त्यांनी विचारलं. आर्याने लग्नाचं नाव काढलं तर ते तिच्याकडे बघतच राहिले.

"श्रीहर्षचं ठरलं?" ते म्हणाले. "मला या घरात कुणी काही सांगत नाही."

त्यांनी नकाशा बघायला मागितला. पाकीट उलटं करून ते त्यावरचं छापलेलं नाव वाचणार, तोच कृष्णाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी ते काढून घेतलं. त्यात कॅलेंडर आलं होतं, म्हणाल्या. नरसिंहराव बिचारे चष्मा पुसत उभे राहिले.

गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व. आर्याने वळण सोडलं. त्या रात्री तिला रडू आलं, आणि सकाळी तिने रंगारी मल्लाप्पाला कामाला लावलं. आठ दिवसांत दार लाल झालं, चौकट हिरवी आणि आतल्या दोन्ही भिंती हळदीसारख्या पिवळ्या. शाळेची मुलं गेटाशी थांबून बघायला लागली. खोटं कशाला बोला, ते सुंदरच दिसत होतं. ही कल्पना आपली नाही याचं आर्याला वाईट वाटलं.

शेवटच्या दिवशी कृष्णाबाईंनी मल्लाप्पाला त्याची बांबूची शिडी हॉलमध्ये आणायला लावली. आडवी धरून, जराही न कलवता गेटापर्यंत न्यायची. मल्लाप्पा, त्याचे दोन गडी आणि शेजारचा अजित, अशा चौघांनी ती खांद्यावर घेतली. नरसिंहरावही हौसेने खांदा द्यायला पुढे झाले.

"तुम्ही नको," कृष्णाबाई म्हणाल्या. "तुम्ही पुढं चाला."

ते मुकाट्याने पुढे चालू लागले. मागून शिडी आली. ती कुठे अडकली नाही, कुठे घासली नाही.

"सरी ना, अक्का?" ठीक आहे ना, असं मल्लाप्पाने बाहेरून कानडीत विचारलं.

"सरी," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा निवांत दिसला.

आपलं पहिलं काम पास झालं म्हणून आर्याला हायसं वाटलं. तिने चिकपेटहून खास आणलेले पितळी आकडे पर्समधून काढले आणि तोरण किती खाली सोडायचं ते विचारलं.

"तोरण नको," कृष्णाबाई म्हणाल्या.

"लग्नघराला तोरण नाही?"

कृष्णाबाईंनी गेटाकडे पाहिलं. नरसिंहराव तिथे अजितशी बोलत होते. मग त्यांनी आर्याचा हात धरून तिला जवळ ओढलं.

"हळू बोल, यांना अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा चिकपेटच्या त्या वळणात त्यांना दोरीनं बांधून उभं करून काढलं होतं. मला सरळ आडवं जायचंय."