उलटा टांगलेला टुटू

"तुम्ही माझ्या पोरीचा टुटू आवळलात," शिवणवाली म्हणाली. "शाळेच्या अध्यक्षांच्या नातीसाठी. तोंडावर सांगते बाई, चोरी केलीत तुम्ही."

मोठ्या बाई, म्हणजे नृत्यशाळेच्या मुख्याध्यापिका, चष्मा पुसत राहिल्या. बसा, एवढंच म्हणाल्या.

शिवणवाली बसली, ती खुर्चीच्या काठावर. हातांचं काय करावं कळेना म्हणून तिने बैठकीची कड धरली. ही खुर्ची गेल्या वर्षी तिच्याच नवऱ्याने नवी करून दिली होती, सभागृहातल्या सगळ्या खुर्च्यांबरोबर. तो सीटा शिवायचा. बसच्या, स्कूटरच्या, कुणाच्याही. धागा आधी मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढून घ्यायची सवय फक्त त्याची, मग शिवण जन्मात उसवायची नाही. आत्ता तिचा अंगठा त्या गुळगुळीत टाक्यांवरून मागेपुढे फिरत होता. तो फिरला नसता तर हात बाईंच्या टेबलावर आपटला असता.

का आपटू नये? शाळेत मुख्य भूमिकेचा टुटू एकच. कमरेभोवती ताटासारखा आडवा उभा राहणारा बॅलेचा जाळीचा झगा. इतका जुना, की तो कुणासाठी उसवायचा नाही, ज्या मुलीला बसेल तिने नाचायचं, असा इथला कायदा. कायदा खुळचटच होता. पण सगळ्यांना सारखाच खुळचट, म्हणून कुणी कुरकुर करत नव्हतं. आणि नाचणारीला बघायला मोठ्या शहरातल्या अकादमीची माणसं यायची. पसंत पडली तर राहणं, खाणं, शिकणं सगळं तिकडे. शिवणवालीच्या लेकीने, भिंगरीने, या दिवसाची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती.

तिनेच का, सगळ्या गल्लीने पाहिली होती. टुटू दुरुस्तीला घरी आला की दारात पोरींची रांग लागायची. उरलेल्या जाळीतून शिवणवालीने त्यांना छोटे छोटे टुटू शिवून दिले होते. शाळेच्या गणवेशावर ते चढवून पोरी दूध आणायला जात, आणि एरवी वसकन अंगावर येणारा दूधवाला त्यांना राणीसाहेब म्हणून वाट करून देई. शेजारच्या निवृत्त हवालदाराने तर एक आपल्या चहाच्या किटलीला घातला होता. ऊब राहते म्हणे. भिंगरीचा बाप टुटूला फुलकोबी म्हणायचा.

या वेळी फाटकी जाळी सांधून झाल्यावर घरी भिंगरीला घालून पाहिला. हुक अलगद लागले, वर श्वासापुरती जागा उरली. पोरगी खोलीभर गरगरली.

"चालली आमची फुलकोबी शहरात," बाप म्हणाला. "आता स्कूटरवर माझ्या मागे कोण बसणार? हवालदार?"

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. दुसऱ्या दिवशी टुटू शाळेत पोचवायला बापच निघाला. जाळी खाली पडू नये म्हणून टुटू नेहमी उलटा टांगतात. त्यानेही तो काठीला उलटा बांधला. अहो, जपून न्या, असं तिने दोनदा बजावलं. दुकान उघडतो आणि मग देतो नेऊन, म्हणाला.

आणि शाळेत हुक लागले नाहीत. भिंगरीने पोट आत ओढलं, ओठ काळेनिळे पडेपर्यंत ओढलं. नाही म्हणजे नाही. अध्यक्षांच्या काडीसारख्या नातीला मात्र लागले. काल अकादमीची माणसं आली आणि त्या नातीला पसंत करून गेलीसुद्धा.

भिंगरी बापाच्या कुशीत शिरून रडली. बाप तिच्या केसांवरून हात फिरवत बायकोला म्हणाला, गप्प बसू नकोस, जाऊन जाब विचार, मोठ्यांची पोरं अशीच पुढे जातात. स्वतः दोघींना स्कूटरवर घालून घेऊन आला. आता भिंगरीला घेऊन फाटकापाशी थांबला होता.

हे सगळं शिवणवालीने बाईंपुढे ओतलं. अध्यक्षांच्या ताटाखालचं मांजर, हेही म्हणून टाकलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"परत आल्यावर तुम्ही तो हातात घेतला होता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"घेऊ दिला कुणी?"

बाई उठल्या. कपाटात उलटा टांगलेला टुटू काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. शिवणवालीने कंबरपट्टी उलटवली. हुकांच्या जुन्या टाक्यांची भोकं रिकामी होती. हुक बोटभर आत सरकवून पुन्हा शिवलेले होते.

"हे काय?" ती म्हणाली. "आता तरी कबूल करा."

"सरकवलेत, हो. मलाही दिसलं. पण ती माणसं निघून गेल्यावर."

"कुणी सरकवले?"

बाईंनी तिच्याकडे न बघता पाण्याचा पेला पुढे केला. "टाक्यांवरून अंगठा फिरवा."

तिने फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

मग ती उठली. पाण्याला शिवली नाही. जाताना टुटू तिच्या हातात सुलटा होता, जाळी खाली लोंबत होती. इतक्या वर्षांत तिने तो असा कधी धरला नव्हता. बाई अडवायला आल्या नाहीत.

फाटकापाशी स्कूटर उभी होती. मागच्या सीटवर भिंगरी, बापाच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारून, गाल त्याच्या पाठीवर टेकून.

"काय म्हणाली ती बया?" नवऱ्याने विचारलं. "कबूल झाली?"

शिवणवालीने त्याचा उजवा हात हँडलवरून सोडवला आणि त्याचा अंगठा हुकांच्या टाक्यांवर दाबून धरला.

"मेण आहे याला," ती म्हणाली. "बाईंना विचारून झालं. आता तू सांग. पोरीकडे बघून सांग."