उघडी बाजू

"यात दोन बोटं जातात," ती म्हणाली आणि पाळण्याच्या दांड्यांमधल्या फटीत बोटं घालून दाखवली.

"ताई, बोटं जायलाच हवीत," मिस्त्री म्हणाला. "बाळाला वारा नको का लागायला? डोकं अडकायला नको, एवढंच बघायचं."

पहिला पाळणा. नको.

दुसरा, नुसता हात लावला की झुलायचा. बाळ घरंगळत कडेला जाईल, ती म्हणाली. नको.

तिसऱ्यावर ती वाकली आणि गादीत नाक-तोंड खुपसून पडून राहिली. दहा आकडे मोजेपर्यंत. मिस्त्रीने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीवरच्या रंध्याच्या ढलप्यांकडे पाहत होता.

"श्वास कोंडतो," ती उठत म्हणाली. नको.

"दादा, तुमच्याकडे भाजी आणायला कोण जातं?" मिस्त्रीने विचारलं.

"हीच."

"मग त्या भाजीवाल्याचं काही खरं नाही."

नवरा हसला. ती हसली नाही, पण रागावलीही नाही. तिने पर्समधून पलंगाची उंची लिहिलेला कागद काढला.

मुलगी वीस दिवसांची होती. वीसही रात्री ती आजीच्या खोलीत झोपली होती. दूध पाजायचं तेसुद्धा लाकडी खुर्चीत, ताठ बसून, दिवा लावून. पाजून झालं की लगेच हाक : "आई, घे हिला."

आई उद्या परत जाणार होती. तिकडे बाबा एकटे होते आणि आठवडाभर एकच शर्ट घालून हिंडत होते, असं शेजारणीने फोन करून कळवलं होतं.

"आता तुझी तू बघ," सकाळी बॅग भरताना आई म्हणाली होती. "पोरगी तुझी आहे, माझी नाही. आणि ते जुनं डोक्यातून काढून टाक. चार वर्षं झाली."

चार वर्षांपूर्वीचं सगळं एका वाक्यात मावतं. म्हणूनच ती ते कुणाला सांगत नाही. पहाटे तिला जाग आली तेव्हा दोन महिन्यांचा मुलगा तिच्या कुशीत होता आणि गार पडला होता.

झोपेत अंगाखाली आला असावा, डॉक्टर म्हणाले. सासरी तेव्हापासून तिच्या हातात कुणी आपलं मूल दिलं नव्हतं.

नवरा मात्र पहिल्या दिवसापासून एकच बोलत आला होता. "तू काही केलं नाहीस." जेवताना, गाडी चालवताना, एकदा तर कडाक्याच्या भांडणात.

"तुला काय माहीत? तू झोपला होतास," ती म्हणायची.

मग तो विषय बदलायचा.

असा नवरा मिळायला नशीब लागतं, आई म्हणायची. तिलाही ते पटायचं. चार वर्षांत त्याने तिला एका शब्दाने दुखवलं नव्हतं. दुसरं मूल नको, असं ती तीन वर्षं म्हणत राहिली, तेव्हाही नाही.

चौथा पाळणा.

तीन बाजू उंच, चौथी उघडी. ती उघडी बाजू पलंगाला चिकटवून हुकांनी पक्की करायची. मग बाळ हाताशीही राहतं आणि आपल्या अंथरुणातही नसतं.

मध्ये फट राहील का? हूक सुटले तर? किती वजन पेलेल? चादर ओढली गेली तर? कूस बदलताना माणूस पलंगावरून तिकडे घरंगळला तर?

"नाही घरंगळत," मिस्त्री म्हणाला. "मध्ये चार बोटं उंच पट्टी आहे ना. कुशीवर वळलात तर ती टोचेल, जाग येईल. माझ्या नातीसाठी असाच केलाय."

तिने पट्टीवरून हात फिरवला. मग कोपर टेकवून जोर दिला. टोचलं.

"हा घेऊ."

"सुटलो!" मिस्त्री म्हणाला. "आता बाजू सांगा, म्हणजे पायांना हुकांची भोकं पाडतो. पलंगाची डावी की उजवी? एकदा पाडली की बदलता येत नाही, लाकूड कच्चं होतं. बाळाची आई कुठल्या बाजूला झोपते?"

"डाव्या. पण पाळणा उजव्या बाजूला लावायचा. याच्या बाजूला."

नवऱ्याने मान वर केली. "अगं, दूध तुला पाजायचंय."

"उठून येईन. पलंगाला वळसा घालून दहा वेळा येईन. पण तिच्या आणि माझ्या मध्ये तू पाहिजेस."

"तुझ्या बाजूलाच राहू दे."

"माझा माझ्यावर भरवसा नाही. तुझी झोप बघ, भिंतीवर पाल सरकली तरी उठून बसतोस. तुझ्याजवळ ती जगेल."

"ऐक माझं."

"नाही ऐकणार. चार वर्षं मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे एवढं कर."

मिस्त्रीने ड्रिल खाली ठेवलं. "तुमचं ठरू द्या. मी तोवर पॉलिशचा हात कितपत वाळलाय ते बघून येतो," असं म्हणून तो मागच्या दाराने बाहेर गेला.

दुकानात दोघंच उरली. नवरा पाळण्यापाशी आला. त्याचे ओठ हलले. ती ते ठरलेलं वाक्य ऐकायच्या तयारीत उभी राहिली.

"माझ्या बाजूला नको," तो म्हणाला. "त्या रात्री तो किरकिरत होता, तू दमून झोपली होतीस, म्हणून मी त्याला माझ्याकडे घेतलं. मला जाग आली तेव्हा तो माझ्या पाठीखाली होता. मग मी त्याला उचललं आणि तुझ्या कुशीत ठेवलं."