जमुनाबाईचा नेम

साखरेच्या बिमारीची सुई टोचून झाली की नर्सबाई रोज संध्याकाळी जमुनाबाईला बजावायची, "अर्ध्या तासात जेवायचं. उशीर झाला तर चक्कर येईल, जीवही जाईल."

"घरचे जेवल्याबिगर मी कशी जेवू, बाई? लगन झाल्यापासूनचा नेम आहे."

शेवटी नर्सबाईने तिच्या नवऱ्यालाच, दुधरामला, दम भरला. तेव्हापासून तलावाच्या पाळीवरच्या गप्पा अर्ध्यावर टाकून तो दिवेलागणीला धापा टाकत घरी येऊ लागला.

एकदा विसरलेली पिशवी घ्यायला नर्सबाई परतली, तर जमुनाबाई चुलीपाशी एकटीच जेवत बसलेली. दुधरामचा अजून पत्ता नव्हता.

"म्हणजे नेम मोडला तर!"

"थो तं पहिल्याच दिवशी मोडला. मले का मराचं आहे?" जमुनाबाईने शेवटचा घास गिळला आणि ताट धुऊन पालथं घातलं. "पर त्याईले सांगू नका, बाई. तीस वर्सांत पहिल्यांदा मानूस वेळेवर घरी येऊन राहिला."

बाहेर धावती पावलं वाजली. जमुनाबाईने पदराने तोंड पुसलं आणि उपाशी चेहरा करून दारात जाऊन बसली.